सादी वीट

आबा, अचानक कोणी दार वाजवले की माझा हात अजूनही दप्तराकडे जातो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षे झाली, ते दप्तरही केव्हाच फाटले. पण व्याकरणाच्या पुस्तकाखाली अंड्यांची टरफले दडवून ती उधन्याच्या रुळांपलीकडे टाकायला जाणारी मुलगी माझ्यातून गेलेली नाही. वर्गात पहिली येणारी ती मुलगी रोज एकाच भीतीने चालत असे, की वाटेत कोणी दप्तर उघडायला लावील.

आपले दुकान म्हणजे दोन बाकडी, एक तवा, एक कढई. जहाजावर भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, हाताखाली असताना तुमचे जहाज ट्युनिसच्या बंदरात दुरुस्तीसाठी अडकले होते आणि तिथल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याकडून तुम्ही ब्रीक नावाचा पदार्थ करायला शिकलात. तापल्या तव्यावर रव्याच्या ओल्या पिठाचा गोळा टेकवत तुम्ही पापुद्रा उठवता, आपल्या पुरणाच्या मांड्याहूनही पातळ. त्यात लसूण आणि शहाजिऱ्याचे लाल वाटण, वर एक अंडे फोडून घडी, आणि बलक घट्ट होण्याच्या आत कढईबाहेर. गिरणीतल्या आपल्या खानदेशी माणसांनी ब्रीकची लगेच वीट केली. "आबा, दोन विटा द्या, घर बांधनं शे!" "पहिले बायकोले इचार!" सगळे हसत, आणि मी वर छताकडे पाहत असे. वर गुजराती घरमालकीण बा राहत होत्या. मांस आणि अंडे शिजणार नाही, या अटीवर त्यांनी जागा दिली होती. तुम्ही मान डोलावली होती, कारण दुसरी जागा कोणी देत नव्हते. म्हणून 'अंडे' हा शब्द दुकानात उच्चारायचा नाही, असा आपला नियम. नुसत्या अंड्याची ती 'सादी', बटाटाही घातलेली ती 'भरेली'.

त्या दुपारी तुम्ही मागे वाटण वाटत आहात. बाकड्यावर दोन कामगार, आणि मी तुमच्या जागी. बा जिना उतरून प्रथमच दुकानात येतात, बाकड्यावर बसतात. "बहु सरस वास आवे छे. सादी छे ने, दीकरी?" कामगारांचे घास तोंडातच थांबतात. मी म्हणते, "हा बा, सादी." आणि ताटली पुढे करते. बांनी वीट दोन्ही हातांनी उचलली, तोंडाशी नेली, इतक्यात तुम्ही मागून धावत आलात आणि लाल झालेल्या हाताने ती त्यांच्या हातातून ओढून घेतलीत. "बा, रेवा दो! एमां ईंडुं छे."

बा ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी आपल्या बोटांवरचा पिवळा ओघळ पाहिला, "मने फसावी?" एवढेच म्हणाल्या आणि हात अंगापासून दूर धरून जिना चढून गेल्या. संध्याकाळी त्यांचा मुलगा जागा रिकामी करायला सांगून गेला. तुम्ही बमरोलीच्या गिरणीत लागलात, आणि तो तवा पुन्हा कधीच तापला नाही.

मी कोपऱ्यात जाऊन बसले होते. तुम्ही जवळ बसलात. "घाबरू नको माय. तुन्ही चूक नही, शबदच दगाबाज शे." पुढे भेटेल त्याला तुम्ही हेच सांगत राहिलात: पोरीला आपली 'सादी' कळली, बांची 'सादी' म्हणजे निरामिष हे तिला काय ठाऊक?

ठाऊक होते, आबा. गल्लीतल्या मुलींबरोबर खेळून मला गुजराती चांगले येत होते. बांनी विचारताक्षणी मला अर्थ कळला होता. 'नाही' म्हटले असते तर 'का' हे सांगावे लागले असते. 'अंडे' या एका शब्दाच्या भयाने मी एका वृद्ध बाईचे आयुष्यभराचे व्रत मोडायला तयार झाले. तुम्ही जागा घालवून ते वाचवलेत. तुम्हाला एक क्षण उशीर झाला असता, तर मी त्यांना खाऊ दिले असते.

हे लिहून झाल्यावर कागद फाडणार आहे. आई पलीकडच्या खोलीत आहे. तिला अजूनही 'सादी' या शब्दाचाच राग येतो, आणि मी तो येऊ देते.