दे पोरी, पिशवी इकडे

४ नोव्हेंबर
आले एकदाची मोक्पोला! बोटीत पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं, पण खोली पाहून जीव निवला. डोंगराच्या पायथ्याशी, जेमतेम दोन अंथरुणांची. पण जमिनीखाली कोळशाची वडी जळते, तिच्यावर जमीन छान तापते आणि खिडकीतून बंदर दिसतं. घरमालकीणबाई मुळ्याची किमची घेऊन आल्या आणि बजावून गेल्या की, दानबीची आई, वडी विझू दिलीस तर सकाळी गोठलेली सापडशील, मग भाडं कुणाकडे मागू? पहिल्याच दिवशी टोमणा. म्हणजे बाई चांगल्या आहेत.
दानबी मार्चपर्यंत माझ्या आईकडे, बेटावरच. शाळा सुरू होईल तेव्हा ती इथे येणार. तिच्या बाबांची होडी परत आली नाही तेव्हापासून ती मला नजरेआड होऊ देत नाही. धक्क्यावर माझी बाही धरून उभी होती, बोटं सोडवताना माझ्या जिवावर आलं. तिच्यासाठी लाल दप्तर आत्ताच आणून खिळ्याला टांगलंय. सकाळी ते दिसलं की कामावर जायला पाय उचलतील.

९ नोव्हेंबर
हात टेकले बाई. कारखान्यात दिवसभर खाण्याचं ओलं समुद्री शेवाळ चौकटींवर पसरायचं, वाळलं की कागदासारखं सोलून गठ्ठे बांधायचे. बोटांना थंडीनं भेगा पडल्यात. त्यात बसला ही गर्दी, आणि पिशवीत गमबूट, एप्रन, डबा.
आज एका आजीनं पिशवी घेतली. बसलेल्यानं उभ्याची पिशवी मांडीवर घ्यायची ही आमच्याकडची रीतच, त्यात नवल नाही. पण ही आजी मागच्या दारापाशी माझीच वाट बघत असल्यासारखी हात पुढे करून म्हणाली, दे पोरी, पिशवी इकडे, उभ्या माणसानं ओझं कशाला वाहायचं? इतक्या मायेनं मला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले. वडीलधाऱ्यांना देतात तशी दोन्ही हातांनी दिली. संध्याकाळी खांदा दुखला नाही.

२ डिसेंबर
रोज तीच जागा, तीच आजी. तिच्याजवळ स्वतःचं सामान कधीच नसतं. माझी पिशवी परत देते तेव्हा हलकी लागते. उघडून पाहिली, सगळं जागच्या जागी होतं. अंगातला शिणवटाही उतरतो. दानबीला ताप आल्याचं कळून काल मी रात्रभर तळमळत होते, पण आज बसमधून उतरताना वाटलं, पोरांना येतोच ताप, जाईल. फार बरं वाटलं.

१५ डिसेंबर
शेजारच्या चौकटीवर काम करणाऱ्या बोक्सुनताईनं जेवताना विचारलं की त्या म्हातारीला पिशवी देतेस का. या मार्गावरची जुनी माणसं देत नाहीत म्हणे. तिनं मागितली की सगळे एकच सांगतात, नको आजी, पुढच्याच थांब्यावर उतरायचंय. मग ती हात मागे घेते.
ताई म्हणाली, मी दिली होती गं एका हिवाळ्यात. नवरा गेला होता, रडू थांबत नव्हतं. रडू थांबलं. आता त्याचा फोटो बघते, तर कुणीतरी बापया वाटतो.
मी हसले. ताईचं बोलणं तिखटमीठ लावून असतं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

८ जानेवारी
आईनं कारखान्यात फोन केला. बोक्सुनताई दारातून हाका मारत होती, दानबीची आई, ए दानबीची आई! मी गठ्ठे बांधत राहिले. दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत असं वाटलं.
आई खूप चिडली होती. म्हणाली, रविवारचा फोन का बंद केलास? पोर वाण्याच्या दुकानात टेलिफोनपुढे बसून असते, जेवायला उठत नाही. दगड झालीयेस का?
मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं नाही याचीच भीती वाटली. दानबीचा पुढचा कुठला दात पडला होता, डावा की उजवा? आठवत नाही. उद्या पिशवी देणार नाही.

९ जानेवारी
सांगितलं, पुढच्याच थांब्यावर उतरायचंय. आजी गोड हसली. खोटं पडायला नको म्हणून खरंच उतरले आणि बोचऱ्या वाऱ्यात कारखान्यापर्यंत चालत गेले. उशीर झाला, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. पण चालताना दानबी आठवत राहिली. डावा दात. रस्ताभर रडले.

१४ जानेवारी
रोज चालतेय. पायांना फोड आलेत. रोज रडू. छातीवर कुणी दगडी वरवंटा ठेवलाय. फार दमले गं आई.

१५ जानेवारी
तिनं मागितली नव्हती. मीच पुढे केली.

६ फेब्रुवारी
झोप छान लागते.
खिळ्याला एक लाल दप्तर टांगलंय. घरमालकीणबाईंना विचारलं, आधीच्या भाडेकरूचं राहिलंय का?  आज त्यांनी टोमणाही मारला नाही —

१ मार्च
बेटावरून एक म्हातारी आणि एक लहान मुलगी आलीय. म्हातारी माझी आई. ओळखलं. मुलगी माझी, असं ती सांगते. सांगते म्हणजे असेल.
मुलगी माझी बाही धरून झोपलीय. मी हात काढून घेतला नाही. बाकी काही —

२ मार्च
बसमध्ये. आई पहाटेच्या बोटीनं परत गेली. मुलीला शाळेत सोडून मी पुढे कामावर जायचं.
आजीनं शेजारची जागा मला दिली. मी बसले. मुलगी समोर उभी. तिला बसवायचं सुचलं नाही.
तिच्या छातीवर, पहिलीच्या नव्या पोरांना लावतात तसा, पिन लावलेला रुमाल, त्यावर नाव. दानबी. वाचलं. पुन्हा वाचलं. दानबी. बोटानं अक्षरं गिरवली —

आजी हात पुढे करतेय. माझ्याकडे नाही. दे पोरी, पिशवी इकडे.

मुलगी माझ्याकडे बघते. देऊ का? मोठ्यांना नाही म्हणू नये, असं तिला कुणीतरी शिकवलंय. मीच असणार.

पुढून बोक्सुनताई ओरडतेय. गर्दीतून येता येत नाही तिला —

तिच्या पाठीवरचं लाल दप्तर नवं आहे. आत अजून एक वहीसुद्धा नाही. तरी पट्टे खांद्यांत रुतलेत. वाकलीय पोर. एवढं जड काय आहे त्यात —

मी. मी आहे त्यात.

तोंड उघडतेय, आवाज फुटत नाही. तिनं पट्टे काढले. दोन्ही हातांनी पुढे —

दानबी, नको, म्हण, पुढच्याच थांब्यावर —