धोटा उद्यानातील शेडचे कुलूप आणि माझे हसणे

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी,
सार्वजनिक उद्याने व लोकरंजन कक्ष,
भिवंडी.

विषय: धोटा उद्यानातील ज्येष्ठ नागरिक हास्य मंडळाच्या संयोजकपदातून मला मुक्त करून तेथील पत्र्याची शेड पूर्ववत खुली करण्याबाबत.

संदर्भ: आपले दि. १२ नोव्हेंबर २०२५ चे पत्र, ज्याला मी उत्तर दिले नाही.

महोदय,

संदर्भातील पत्र मला वेळेत मिळाले होते. ते टपालात गहाळ झाले, किंवा मी तेव्हा वळ गावी भावाकडे गेलो होतो, असे काही कारण मला पुढे करता येणार नाही. पत्र मी दोनदा वाचले आणि घडी करून शब्दकोशात ठेवले. त्यात आपण मला नव्या हास्य मंडळाचे संयोजकपद देऊ केले होते, आणि शेवटी असे लिहिले होते की पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.

१. मी नकारच देणार होतो. माझे सारे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक मला लगेच दिसते, पण स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटले की हात थांबतो. पहिला मसुदा मला उद्धट वाटला. दुसरा इतका नम्र झाला की तो होकारच वाटू लागला. तिसरा बरा होता, पण तो पूर्ण होईपर्यंत मुदत संपून गेली होती आणि प्रितेश नावाचा आपला कर्मचारी शेडची किल्ली घेऊन माझ्या दारात उभा होता. "अभिनंदन काका," असे म्हणून त्याने रजिस्टरवर माझी सही घेतली. माणूस दारात उभा असताना मला नाही म्हणता येत नाही. हा दोष माझा आहे, कार्यालयाचा नाही.

२. माझीच निवड का झाली, याचा मी पुष्कळ विचार केला. मी चारचौघांत मोठ्याने हसल्याचे माझ्या दिवंगत पत्नीलाही आठवले नसते. शेवटी चौकीदार दौलत यांनी खुलासा केला. उद्यानाच्या सूचनावहीत पूर्ण नाव, वय आणि पत्ता लिहिणारा मी एकटाच नागरिक निघालो. बाकीच्या पानांवर क्रिकेटचे धावफलक आहेत. माझी सूचना कारंज्याजवळच्या बाकाची तुटलेली फळी बदलण्याविषयी होती. ती फळी अद्याप तशीच आहे. हे तक्रार म्हणून लिहिलेले नाही, ओघात आले.

३. मंडळात माझ्याखेरीज दोन सभासद नेमलेले आहेत. पैकी एक लेकीकडे अंबाडीला कायमचे राहायला गेले. दुसरे गुलाम हुसेन. हे जुने यंत्रमागवाले, लूमच्या आवाजाने त्यांचे कान गेले आहेत. पहिल्या दिवशी ते विजेच्या दराची सभा समजून आले, अर्धा तास वाट पाहिली आणि "बिलाचं कुणी बोलेच ना," असे म्हणून निघून गेले. त्यानंतर मंडळ म्हणजे मी.

४. उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी आपण फलक लावला आहे. त्यावर 'चला, हसू या!' असे मोठ्या अक्षरांत असून खाली माझे नाव आणि छायाचित्र आहे. छायाचित्र ज्येष्ठ नागरिक ओळखपत्रावरून घेतलेले दिसते. त्यात मी कोणाच्या तरी दहाव्याला बसल्यासारखा दिसतो. समोरच्या चहाच्या टपरीवर डे शिफ्ट सुटलेली मुले बसतात. मी दिसलो की त्यांतले एखादे ओरडते, "चाचा, एक बार हसके दिखाओ ना!" याचेही मला फारसे काही नाही. परंतु तो फलक ज्या दोन लाकडी खांबांवर उभा आहे ते खांब खो-खोचे आहेत, हे कार्यालयाच्या लक्षात आणून देणे मला भाग आहे. ते मैदानातून उपटून आणले आहेत. या अर्जाचे खरे कारण येथून सुरू होते.

५. सदर शेड आणि तिच्यासमोरचे छोटे मैदान यांचा आमच्या मोहल्ल्यात जो वापर होता, तो कोणत्याही कागदावर नाही. म्हणून तो येथे नमूद करतो. माझ्या इमारतीत तळमजल्यावर हबीबाबाई राहतात. त्या मागावरच्या कामगारांसाठी खाणावळ चालवतात. दुपारचे जेवण उरकल्यावर आणि शिफ्ट बदलण्यापूर्वी, पाचच्या सुमारास, त्यांना तास-सव्वा तास मोकळा मिळतो. त्या वेळेत त्या शेडमध्ये येऊन बसत. शेजारी दिघाशीहून लग्न होऊन आलेल्या कमळाबाई. आणखी पाच-सहा बायका. कोणी मेथी निवडी, कोणी नुसतेच पाय पसरून बसे. समोर त्यांच्या मुली आणि नाती खो-खो खेळत. हबीबाबाईंची नात हफसा आणि कमळाबाईंची उन्नती या दोघी शाळेच्या संघात आहेत.

यात एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. मलाही पुष्कळ वर्षे दिसली नव्हती. त्या बायका शेडमध्ये बसलेल्या असतात म्हणूनच मुली मैदानावर असतात. घरून परवानगी मिळते ती मैदानाला नव्हे, शेडला. आई किंवा दादी नजरेसमोर बसलेली असेल तर मुलगी धावेल, पडेल, आरडाओरडा करील, कोणी चकार शब्द काढत नाही. शेड रिकामी झाली की दुसऱ्या दिवशी मैदानही रिकामे होते. हा नियम कोणी केलेला नाही, परंतु तो आपल्या परिपत्रकांपेक्षा कडक पाळला जातो.

६. आता ती शेड सायंकाळी पाच ते सात हास्य मंडळासाठी राखीव आहे. जाळीच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी बायका आल्या तेव्हा दौलत यांनी त्यांना दारातच अडवले. कमळाबाई म्हणाल्या, "आमी काय तुझ्या शेडीचा पत्रा खातो रं?" दौलत म्हणाले, "मावशी, माझ्यावर कशाला तापताय? तरेसाहेबांची शेड हाय आता." तरेसाहेब म्हणजे मी. हे मी आतून ऐकले. मी बाहेर येऊन दार उघडायला हवे होते. मी सूचनापत्रक वाचत असल्यासारखे केले.

त्यानंतर काही दिवस बायका कुंपणाच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. तेथे सावली नाही आणि पलीकडून गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ येते. कमळाबाईंचे गुडघे दुखतात. एकेक करून त्या यायच्या बंद झाल्या आणि मुलीही बंद झाल्या. मैदानावर आता मोठी मुले क्रिकेट खेळतात. मी जाळीतून पाहतो.

७. मंडळ चालू असल्याचा पुरावा म्हणून दरमहा छायाचित्रे पाठवावीत, असा आपला आदेश आहे. मी एकटाच असल्याने छायाचित्रात दौलत यांना शेजारी उभे करावे लागते. ते ज्येष्ठ नाहीत, म्हणून त्यांना मफलर गुंडाळावा लागतो. पहिली छायाचित्रे आपण परत केली. शेरा होता, 'सभासद आनंदी दिसत नाहीत.' मग चित्रफीत मागवण्यात आली. ती घेतली, तर भिंतीपलीकडच्या लूमच्या खडखडाटात हसण्याचा आवाजच आला नाही. तीही परत. यावर प्रितेश यांनी असे सुचवले की चित्रफीत शुक्रवारी घ्यावी, कारण शुक्रवारी लूम बंद असतात.

त्याप्रमाणे गेल्या शुक्रवारी मी हसलो.

महोदय, शुक्रवारी आमच्या भागात केवढी शांतता असते याची आपल्याला कल्पना नसावी. आठवडाभर कानात बसलेला आवाज एकदम थांबतो आणि तिसऱ्या गल्लीत भांडे पडले तरी कळते. अशा शांततेत दौलत हात वर करून हो-हो असे करत होते आणि मी हा-हा असे करत होतो. "काका, पोटातून, पोटातून," असे प्रितेश मोबाइल धरून सांगत होते. मला खोकला आला. मी तो हसण्यात मिसळण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात बाहेरून कोणी तरी जाळी गदागदा हलवू लागले. हबीबाबाई होत्या. हाताला कणीक तशीच होती. मागे कमळाबाई, गुडघ्यांसकट धावत आलेल्या. हबीबाबाई ओरडल्या, "दौलत, अरे बघत काय उभा ऱ्हायलास? पानी दे त्यांना! तरेसाहेबांना झटका आलाय!"

खुलासा करावा लागला. मी हसत होतो, असे मी सांगितले. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले, आणि मग त्या अशा हसल्या की कमळाबाईंना जाळी धरून खाली बसावे लागले. दौलतही हसले. थोडासा मीही हसलो असेन. या मंडळाच्या स्थापनेपासून तेथे कोणी खरोखर हसले असेल तर ते एवढेच. परंतु प्रितेश यांनी तोवर चित्रीकरण बंद केले होते आणि हसणाऱ्या दोघी कुलपाच्या बाहेर होत्या, त्यामुळे ते अहवालात धरता येणार नाही.

८. हसू ओसरल्यावर हबीबाबाईंनी डोळे पुसले आणि कुलपाकडे बोट दाखवले. त्या म्हणाल्या, "ह्या कुलपावर नाव तुमचा हाय ना? मग तुमीच काढा. आमी कोनाला विचारायचा?" फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शाळांचे सामने आहेत. हफसाच्या वडिलांनी सांगितले आहे की सराव नाही तर संघही नाही, मुलगी घरीच बरी. संघातून नाव कमी करण्याची चिठ्ठी शाळेला द्यायची तेवढी बाकी आहे. एकदा नाव कमी झाले की पुढच्या वर्षी परत लागेल असे हबीबाबाईंना वाटत नाही, आणि त्या घराला त्या माझ्यापेक्षा चांगल्या ओळखतात.

त्याच संध्याकाळी हफसा मला जिन्यात भेटली. तिच्या हातात भाकऱ्यांची टोपली होती. तिने तक्रार केली नाही. फक्त विचारले, "आजोबा, तुमचं हसून कधी संपणार?" मला उत्तर देता आले नाही. उत्तर न देण्याची माझी ही दुसरी वेळ, आणि पहिल्या वेळेचे काय झाले ते वर लिहिलेच आहे.

९. सबब विनंती की:
(अ) मला संयोजकपदातून मुक्त करावे. माझ्या जागी दुसऱ्या कोणास नेमू नये, निदान त्याला आधी समोर बसवून विचारावे.
(आ) शेड सर्वांना खुली करावी.
(इ) खो-खोचे खांब मैदानात परत रोवावेत. फलक खाली उतरवला तरी चालेल. खरे तर तो उतरवाच.
(ई) बाकाची फळी सवडीने बदलावी.

१०. हा परिच्छेद लिहावा की नाही, याबद्दल माझी अद्याप खात्री नाही. मी तो दोनदा खोडला आहे. आपल्यासमोर असे अर्ज पुष्कळ येत असतील आणि प्रत्येकाला उत्तर देणे अवघड जात असेल. उत्तर न देणाऱ्या माणसाची अडचण मी समजू शकतो. म्हणून आपल्याच पत्रातील पद्धत वापरण्याची परवानगी घेतो. हा अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपले उत्तर न आल्यास वरील सर्व गोष्टींस आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल. सामने मात्र आपल्या किंवा माझ्या उत्तरासाठी थांबणार नाहीत. त्यामुळे आज सकाळी मी शेडचे कुलूप काढले असून ते दौलत यांच्याकडे दिले आहे. भीतीपोटी कुलूप पुन्हा लावण्याचा मोह मला होऊ नये म्हणून किल्ली सोबत जोडत आहे. या कृत्याची जबाबदारी माझी एकट्याची आहे. दौलत यांना काही बोलू नये. त्यांनी मला "साहेब, लफडं होईल," असे वेळेवर सांगितले होते.

अर्जात भाषेची काही चूक राहिली असल्यास क्षमा असावी. स्वतःच्या मजकुरातली चूक मला दिसत नाही.

उत्तरास विलंब केलेला, आपला नम्र,
चिंधू महादू तरे
(हास्य मंडळाचे संयोजक, आजपर्यंत)
भिवंडी, शुक्रवार, दि. २३ जानेवारी २०२६

सोबत:
१. आपल्या पत्राची छायाप्रत. घडीच्या जागी अक्षरे पुसट झाली आहेत.
२. माझ्या उत्तराचा तिसरा मसुदा, अपूर्ण.
३. शेडची किल्ली.

स्थळप्रतीवरील नोंद: मूळ अर्ज आज दुपारी स्पीड पोस्टाने रवाना केला. पाकिटात टणक काय आहे, असे खिडकीतल्या बाईंनी विचारले. मी बोलण्याआधीच हबीबाबाईंनी "शेडची चावी," असे सांगून पाकीट आत सरकवले. पावती त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतली. माझ्याकडे राहिली तर मी ती दाखवून अर्ज परत मागायला जाईन, असे त्यांचे म्हणणे पडले. ते खरे आहे. पाचच्या सुमारास परत येताना उद्यानावरून आलो. लूम बंद होते, त्यामुळे मुलींचा आवाज रस्त्यापासूनच ऐकू येत होता. खांबांच्या जागी कमळाबाईंनी दोन विटा उभ्या केल्या आहेत.