टिक म्हणजे मुक्का

बल्लारपूर, गुरुवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९९९

मारामारीच्या गेमचा नवा भाग माझ्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये बसवून चार दिवस झाले, आणि माझे पक्के खेळाडूच त्याला नाकं मुरडतात. चित्रं सुंदर, आवाज सुंदर. मग काऊन नाही आवडत? आज सत्तारभाई टेलरना विचारलंच.

“भाऊ, बटन टिक करते अन् मुक्का मागून येते. तेवढ्यात माहा एक पायजमा शिवून होते. जुन्यात टिक म्हणजेच मुक्का.”

झोंबलं. ही बटणं मी स्वतः बसवलेली, कुणाकडून न शिकता. त्यांत उशीर?

सगळी उघडली, एकेक तार तपासली. दोष नाही. मग तीच बटणं जुन्या गेमच्या सर्किट बोर्डाला जोडली. टिक, मुक्का. नव्याला जोडली. टिक, आणि मग मुक्का. नीट पाहिलं तर नवा पहिलवान आधी हात मागे घेतो, मग मारतो. रुबाबदार दिसतो खरा, पण तोवर समोरचा मारून मोकळा. माझ्या खेळाडूंचा सहा वर्षांचा सराव मातीत. चिडतील नाही तर काय?

सत्तारभाईंना ते दाखवलं.

“तुमच्या बटनावर शक होताच कुठी, भाऊ? आमी तं तुमच्या टिकवरच शिकलो.”

मला वाटायचं, लोक गेमसाठी येतात. सहा वर्षं कुणीतरी माझी टिक ऐकत होतं, हे आज कळलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

उद्या जुना बोर्ड परत. आणि डावीकडचं तिसरं बटण जरा जड लागतं. सत्तारभाई त्याबद्दल बोलले नाहीत, पण ते बदलायचं.