लालला लाल, काळ्याला काळी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. पुढे मोठा स्पीकर डिझायनर झाल्यावर सुरुवातीच्या तारखा चुकायला नकोत.
निश्चय : (१) पाच वर्षांत स्वतःची कंपनी. (२) रोज एक तास थिअरी. (३) मार बसल्यावर लगेच डोळ्यांत पाणी येऊ न देणे.

संध्याकाळी ६.
आमच्या दुकानाच्या पाटीवर 'कार ऑडीओ' असं लिहिलेलं होतं. ब्रश घेऊन 'डी'चा 'डि' केला. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टाळक्यात हाणली. मिस्त्री म्हणजे दुकानाचे मालक आणि माझे गुरू. गिऱ्हाइकं इथे वाचायला येतात का ऐकायला, असं विचारलं.
तिसरा निश्चय मोडला. थिअरी उद्यापासून.

६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी.
संधी!
पैलवान आले होते. चौकातली जिम त्यांची. मान नाही, डोकं सरळ खांद्यांवर बसवलंय. डिकीत दोन बारा इंची सबवूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, हवेत. बेस असा पाहिजे, की मागच्या गाडीवाल्याच्या पोटात गुद्दा बसला पाहिजे, म्हणाले. गुद्दा म्हणजे कसा, तेही दाखवलं. मला. पाच मिनिटं जमिनीवर बसून होतो. पंधरा तारखेला त्यांच्या नव्या जिमचं उद्घाटन आहे, त्याआधी गाडी हवी.
मिस्त्रींचं मनगट दुखावलंय. मी धीर करून म्हणालो, स्पीकरचा खोका मी करतो, डिझाइनसकट. त्यांनी दुखरं मनगट चोळलं. मग म्हणाले, कर. जमलं तर स्पीकरच्या टेबलावर बस. नाही जमलं तर मागच्या खोलीत सीट कव्हर शिवायची, कायमची. आणि परत स्पीकर हा शब्द तोंडातून निघाला, तर पाठोपाठ दातही निघतील.
म्हणजे विश्वास आहे.
डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला तेव्हा सगळे हसले होते. मी गणितात नापास झालो होतो, कानात नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.
डिझाइन पूर्ण. माझी स्वतःची कल्पना : दोनपैकी एक सबवूफर उलटा बसवायचा. तोंड आत, चुंबक बाहेर. चुंबक दिसायला रुबाबदार असतं, छोट्या इंजिनासारखं. असं आजवर कोणाला सुचलं असेल असं वाटत नाही. मिस्त्रींना आधी दाखवणार नाही. कल्पना चोरीला जातात.
घरी, म्हणजे ताईकडे, जुन्या स्पीकरवर सराव केला. भावोजी रात्रपाळी करून झोपले होते. उठले, स्पीकर उचलून भिंतीवर आदळला. मग मला. स्पीकर नंतरही वाजत होता. टिकाऊपणाची चाचणी यशस्वी.
ताईने माझ्या कानाला बर्फ लावला. एखादं बिनआवाजाचं काम का नाही रे बघत, म्हणाली. स्वप्न वगैरे तिला कळत नाही. बर्फ मात्र नीट लावला.

१० फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी.
प्लाय कापली. प्रत्येक माप तीनदा घेतलं. चौथ्यांदा घेताना करवत अंगठ्यात गेली. रक्त खोक्याच्या आतल्या बाजूला सांडलं, बाहेरून दिसणार नाही. मिस्त्री म्हणाले, शवपेटी बनवतोयस का रे? इतकी मापं घेऊ नकोस, माणूस उठून बसेल.
त्यांचं मनगट दुखतंय म्हणून सहन केलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ४.
वायरिंग. सुलट्या स्पीकरला आणि उलट्या स्पीकरला, दोन्हीकडे लालला लाल, काळ्याला काळी. सात वेळा तपासलं. या धंद्यात निम्मे लोक तारांच्या बाबतीत बेफिकीर असतात.
मिस्त्रींनी विचारलं, उलटंसुलटं काही नाही ना केलंस? नाही म्हणालो. उलटा बसवलेला स्पीकर माझ्या मते उलटा नसतो, वेगळा असतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.
वाजवून पाहिलं. बेस कमी आहे. म्हणजे नाहीच. गाणारा स्पष्ट ऐकू येतो, ढोल गायब. दोन्ही पडदे जिवाच्या आकांताने हलतात, पण बाहेर काही येत नाही.
शांतपणे विचार केला. बेस सूक्ष्म आहे. जाणकाराला तो जाणवतो. पैलवान जाणकार नाहीत, म्हणून ॲम्प्लिफायर अर्ध्यावरून पाऊणावर नेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५.
ॲम्प्लिफायर पूर्ण वर. शिवाय दुसरा जोडला. तारांना हात लावला तर चटका बसतो. बेस अजून सूक्ष्म.
शेजारच्या टायरवाल्याला ऐकवलं. आत डास अडकलाय का, म्हणाला. त्याच्याच पान्याने त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. पान्याचं वजन बघता तो त्याच्याच हातात राहू दिला. पुढे पस्तावणार असलेल्या लोकांच्या यादीत त्याला घेतलं. आता अकरा जण झाले.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.
(डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट, शुद्धलेखन तपासलं आहे.)
नव्या जिमसमोर गाडी उभी. पन्नास माणसं, सगळी बिनमानेची. पैलवानांनी डिकी उघडली आणि गाणं लावलं. मागून कोणीतरी म्हणालं, पैलवान, गाडीला जेवायला घालत नाही का हो? सगळे हसले.
पैलवानांनी मला कॉलर धरून उचललं. पाय जमिनीला लागेनात. मी वरूनच समजावलं, की हा बेस सूक्ष्म आहे. मग त्यांनी मला खाली ठेवलं, पण पायांवर नाही.
माझ्यासोबत आलेले मिस्त्री डिकीत वाकले. बाहेर आलेल्या चुंबकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. अरे गाढवा, म्हणाले, स्पीकर उलटा लावला तर त्याच्या ताराही उलट्या लावाव्या लागतात. एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. दोघं एकमेकांचाच आवाज गिळतायत. त्यांनी एका स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल केल्या. अर्धं मिनिट लागलं. ॲम्प्लिफायर किती आहेत आणि कितीवर आहेत, हे विचारलं नाही. मी सांगणार होतो, पण तोंडात रक्त होतं.
गाणं पुन्हा लागलं.
गाडीची मागची काच फुटून सीटवर आणि लोकांच्या अंगावर उडाली. जिममधला भिंतभर आरसा खाली आला. फीत कापायला आलेले पाहुणे कात्रीसकट आडवे झाले. तिघं पोट धरून बसले. एकाच्या नाकातून रक्त यायला लागलं.
गाणं बंद झाल्यावर पैलवानांनी विचारलं, हे कोणी केलं?
मी हात वर केला. डिझाइन माझं, म्हणालो.
पुढचं क्रमाने आठवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.
अंथरुणात. दोन बरगड्या, उजवं मनगट, एक दात. ताई चमच्याने भरवते आणि मधेच उठून आत जाते. डोळे लाल करून परत येते.
भावोजी तावातावाने चपला घालून निघाले. माझ्या मेव्हण्याला हात लावणारा कोण, त्याचे हातच उखडतो, म्हणाले. मी पैलवानांचं वर्णन केलं. भावोजींनी चपला काढल्या. शांतपणे घेऊ या, म्हणाले.
सगळ्याचा नीट विचार केला. काच फुटली, आरसा फुटला, मी फुटलो. खोक्याचा एक सांधा उकलला नाही. मिस्त्रींना हे मान्य करावंच लागेल. गुरुवारी स्पीकरच्या टेबलावर बसायचं. थिअरी तेव्हापासून.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
कामावर गेलो.  मिस्त्रींनी मागच्या खोलीचं दार उघडून धरलं.
आत, मागच्या शटरमधून घेतलेली पैलवानांची गाडी होती. काचा घुसून मागची सीट फाटलीय, नवं कव्हर शिवायचंय. पैलवान खूश आहेत म्हणे. जिमसमोर रोज गर्दी जमते. काच नवीन बसवली, आरसाही बसवतील, बेसला मात्र कोणी हात लावायचा नाही. मिस्त्री, तुमच्या हातात जादू आहे, असं म्हणाले म्हणे.
मी सीटवर बसून डाव्या हाताने टेप धरून माप घेत होतो. मिस्त्रींनी पुढे वाकून गाणं लावलं, हळू आवाजात. तरी पाठीत लागलं, पोटात लागलं, बरगड्यांत कळ गेली. असा बेस मी आजवर ऐकला नव्हता. खोका मी केला होता, पण हा आवाज मला करता येत नव्हता. हे पहिल्याच ठोक्याला कळलं.
कसा वाटतो, मिस्त्रींनी विचारलं.
चांगला आहे, म्हणालो.
मग शीव, म्हणाले.