लग्नाच्या पिरोही ऊर्फ वारेनिकी

विनिपेग, गुरुवार, दिवेलागणी

स्टेफाआत्येस ओरेस्टचा वाकून नमस्कार. (वाकलेलाच आहे, कालपासून बटाट्यांची पोती उचलतोय.) तुझा गुडघा काय म्हणतो? यॉर्कटनचा बर्फ वितळला का? इथला वितळला, त्याचा चिखल झाला, चिखलावर पुन्हा बर्फ पडला, पण तो विषय नाही. विषय असा की पंधरा दिवसांनी माझं एस्टर लाउशी लग्न आहे, दोनशे माणसं जेवायला यायची आहेत, आणि आज दुपारपासून त्यांच्या ताटात वाढायला काहीही उरलेलं नाही. दोष माझा नाही. म्हणजे, सगळा नाही.

लग्न आपल्या युक्रेनी लोकांतलं असलं की चर्चच्या तळघरात बायका जमतात, कणकेत बटाटा भरून डंपलिंग करतात, उकळून लोणी लावून गोठवून ठेवतात, आणि नवऱ्या मुलाने बटाटे कुस्करायचे, ही रीत तू मला सांगायला नकोस आणि मी तुला. फक्त तुझ्या काळी एकच टेबल होतं. आता दोन आहेत. एक परास्काबाईंचं, तिथे त्याला पिरोही म्हणतात. दुसरं मिलियाबाईंचं, तिथे वारेनिकी. कणीक एक, सारण एक, उकळायचं पातेलंसुद्धा एक. पण या टेबलाचं लाटणं त्या टेबलावर गेलेलं मी जन्मात पाहिलं नाही. आपल्या भाषेत नातवंडांना दोघीही साधं ‘ये, जेव’ म्हणत नाहीत, आणि बाजारात विकायच्या पिशवीवर दोघीही बिनतक्रार इंग्रजीत ‘पेरोगी’ छापतात. पण तळघरात उतरल्या की भाषेसाठी प्राण द्यायला तयार! (प्राण शक्यतो दुसऱ्या टेबलाचे.)

तर सकाळी परास्काबाईंनी मला हाक मारली. "काय रे भटक्या, हॅलिफॅक्सपासून व्हँकुव्हरपर्यंत लोकांची भांडी घासलीस. सांग की या बयेला, खरं नाव कुठलं?"

"सांग, सांग," मिलियाबाई तिकडून म्हणाल्या. "शाळेत नाही शिकला, निदान मोरीत काही शिकला असेल."

आता आत्ये, शहाण्या माणसाने इथे बटाटे कुस्करले असते. पण मला वाटलं, दोघींचं भांडण आपण ज्ञानाने मिटवावं. मी म्हटलं, वारेनिकी म्हणजे नुसतं ‘उकळलेलं’. हे काय नाव झालं? पोराचं नाव ‘जन्मलेला’ ठेवण्यासारखं आहे! परास्काबाईंचं टेबल खदाखदा हसलं. मग मी त्यांच्याकडेच वळलो, म्हटलं, पिरोही म्हणजे मेजवानी, म्हणजे बटाटा भरायचा आणि थाट मिरवायचा. आणि तो शब्द पोलिश लोकांकडेही आहे, ते म्हणतात त्यांचाच. ‘पोलिश’ म्हटल्यावर (त्यांचं आपलं वैर जुनं) तळघरात जी शांतता पसरली ती मला कौतुकाची वाटली. मग काय, मी सुटलोच. रशियनांची पेल्मेनी म्हणजे कानाच्या आकाराची भाकरी, हे मला एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं (त्याच्याबरोबर मी थंडर बेला चाललो होतो आणि पोचलो सडबरीला, ते पुन्हा कधी). जर्मनांच्यात एक आहे त्याचा अर्थ तोंडाचा खिसा. लिथुआनियात म्हणे जादूगार. आणि एस्टरच्या चिनी आजीकडे वाँटन, ते लिहितात असं की वाचलं तर ‘ढग गिळणे’. बघा, म्हटलं, लोक ढग गिळतात, आणि तुम्ही दोघी ‘उकळलेल्या’वर अडून बसलात!

हे सगळं चालू असताना चाळीस हात पाऱ्या मिटत होते, पण डोळे माझ्यावर होते. रागाने घातलेली मुरड धरत नाही, आत्ये. पहिला घाणा पातेल्यात पडला आणि उमलला. दुसराही उमलला. पाणी पांढरं, वर कणकेची लक्तरं, तळाशी बटाटा. पिरोही कुठली आणि वारेनिकी कुठली, हे ओळखणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

परास्काबाईंनी झारा खाली ठेवला. मिलियाबाई उठल्या, सरळ परास्काबाईंच्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "परास्का, चल घरी. याच्या लग्नात याला ढग गिळू दे." आणि दोघी एकाच गाडीतून गेल्या, बाकीच्या त्यांच्यामागे! माझ्यामुळे एकी झाली याचं श्रेय कुणी देत नाही.

एस्टरला अजून सांगितलेलं नाही. तिच्याकडची शंभर माणसं आहेत. तू काहीतरी सुचव.

तुझा भाचा,
ओरेस्ट

ता. क. पाकीट डकवायच्या आत एस्टरला कळलं. (मिलियाबाईंनी फोन केला.) ती कोट घालून गेली. दोन्ही बायांना घेऊन तळघरात बसली, याला काय म्हणतात हे कुणालाही विचारलं नाही, आणि आपल्या आजीने शिकवलेली मुरड घालत राहिली. बायका परवापासून पुन्हा करणार आहेत. तिच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे, हे मला दोघींनी वेगवेगळं येऊन ऐकवलं.

पुन्हा ता. क. त्यांची एकच अट आहे, आणि एस्टर त्यांच्याच बाजूची आहे. लग्नाच्या दिवशी मी फादरांसमोर ‘होय’ म्हणायचं, पुढे चकार शब्द नाही. तेव्हा नवऱ्या मुलाकडून आभाराचं भाषण तुलाच करावं लागेल. पत्र खरं तर त्यासाठीच. लहान कर. सगळ्यांचे आभार मान, हवेबद्दल बोल, माझ्याबद्दल हवं ते बोल. जेवणाबद्दल फक्त "या, बसा" म्हण.