दुसऱ्याच्या झिऱ्यातली वाटी

माय, कशी आहेस? दादांचा दमा तिथं तरी थांबला का? थोरल्या मावशीचे गुडघे कसे आहेत? आणि गोवरात गेलेली आपली धाकटी, ती तुझ्याच कुशीत निजत असेल. मी बरी आहे. मोतीबिंदू काढल्यापासून पुन्हा वाचता येतं, म्हणून लिहायला बसले.

शेजारच्या पोरीचं लग्न ठरलंय. स्थळ जिंतूरकडचं. पोर अजून दहावीत आहे, माझ्याच ओट्यावर बसून अभ्यास करते. मागल्या आठवड्यात पुस्तक मिटून म्हणाली, "आजी, पप्पाला तुमी सांगा ना. तुमचं ऐकतेत." मी गेले. तिचा बाप सोयाबीनची पोती शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "काकू, चहा घ्या. पण आमच्या घरात ढवळाढवळ करू नका." चहा घेतला आणि परत आले.

ढवळाढवळ हा शब्द डोक्यातून जात नाही. कुठून आला ते पुस्तकवाल्यांना ठाऊक. मला तो तुझ्याकडून मिळाला. उन्हाळ्यात नदी आटली की आपण वाळूत झिरे उकरायचो, ज्याचा त्याचा वेगळा. पाणी पाझरून निवळेपर्यंत बसायचं, मग वाटीवाटीनं घागर भरायची. एकदा घाईत मी शेजारणीच्या झिऱ्यात वाटी बुचकळली, सगळं पाणी गढूळ. तू पाठीत धपाटा घातलास. "ढवळलंस ना? आता तिनं लेकरायला चिखल पाजावा का?" तो धपाटा मी जन्मभर जपला. कोणाच्या घरात कधी बोलले नाही. लोक मला शहाणी म्हणाले.

काल मात्र पुढचं आठवलं. तीच शेजारीण तापानं पडली, तिचा झिरा ढासळायला लागला, तेव्हा तू न विचारता आत उतरून कोपरापर्यंत हात घालून वाळू उपसायला लागलीस. मी म्हणते, "माय, ढवळायलंय की." तू म्हणतेस, "निवळंल. बुजला तर काय पील ती?" हे मी कसं विसरले गं?

शाळेतल्या बाईंच्या कानावर घातलं तर लग्न थांबेलही. पण भिंतीला भिंत लागून राहायचंय, आणि बाप राग पोरीवरच काढायचा. उंबऱ्यापर्यंत जाते अन् परत फिरते. आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी चहा देताना तिच्या आईनं मला जात्यावर हळद दळायला बोलावलं. मी हो म्हणून आले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, वहीतच राहील. तरी लवकर लिही, माय. हळद परवा आहे.