परसातला संडास

३ मे
ठरलं. परसातला जुना संडास पाडायचा, तिथे काचेची खोली बांधायची. चाळीस वर्षं प्लॅस्टिकच्या खिडक्या विकून खेड्यात घर घेतलं, ते वाकलेल्या संडासाचं तोंड बघत चहा प्यायला नाही. बायको, मॉरीन, म्हणते गावाला विचार. गाव कोण? माझा संडास, माझी कुदळ.

५ मे
गाव म्हणजे हेस्टरबाई. शेजारीण, शिवाय ग्रामसभेची अध्यक्ष. कुंपणावरून म्हणाल्या, "अहो ट्रँटर, या गल्लीत चर्चपासून खुराड्यापर्यंत सगळं सरकारच्या जतनयादीत आहे. तुमचं घर सोडून. ते तुम्ही बसवलेल्या प्लॅस्टिकच्या खिडक्यांनी मेलं." मी सुनावलं, संडासही यादीत नाही. "कारण तिकडे जायची कुणाची हिंमत झाली नाही," म्हणाल्या. पबमध्ये यावर हशा झाला. मला ऐकू येतं म्हटलं सगळं!

९ मे
डोकं तापलंय, पण मी धंद्यातला माणूस. लंडनहून जुन्या वास्तूंचा तज्ज्ञच बोलावला, माझ्या खर्चाने. 'हा संडास कवडीमोलाचा' असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं. बाईंचं तोंड कायमचं बंद.

१७ मे
तज्ज्ञ आत गेला तो बाहेर येईना. मग किंचाळला. मला वाटलं, कोळी. तर म्हणे, "शेजारी-शेजारी बसायला तीन भोकं! त्यात एक लहान मुलाचं! अडीचशे वर्षांपूर्वीचं ओकचं लाकूड! ट्रँटर, तुम्ही देशावर उपकार केलेत."
मी कुणावरही उपकार केलेले नाहीत.

२१ जुलै
संडास यादीत. घर नाही, संडास! आता खिळा ठोकायलाही सरकारी परवानगी हवी. हरकत नाही. पावसाने आपोआप पडला तर कुणाचा गुन्हा? छपराचं एखादं कौल फक्त सैल करायचं.

२६ ऑगस्ट, शनिवार. दुपार
संडासाच्या आतूनच लिहितोय. कौलाला हात लावण्याआधीच मागे दार अडकलं. खांदा लावणार, तोच बाहेर हेस्टरबाई. "धक्का मारू नका! बिजागऱ्या मूळच्या आहेत."
मी ओरडलो, तोडतो!
"तोडा. साक्षीला मी आहेच."
दाराला हात लावायला सुतारालाही लेखी परवानगी हवी. सोमवारी सरकारी सुट्टी. परवानगीचं ऑफिस मंगळवारी उघडेल. आरडाओरडा ऐकून मॉरीन आली. तिला म्हटलं, तू तरी काही बोल. ती बोलली. म्हणाली, बाईंचं बरोबर आहे.
मग दारातल्या चंद्रकोरीच्या भोकातून तिने सँडविच ढकललं. काकडीचं. मी काकडी खात नाही.
खाल्लं.